ज्युरीतली सातवी बाई

माझी नणंद बर्निस मिकलिच हिने आमच्या प्वेब्लो गावातल्या शाळेच्या स्वयंपाकघरात एकतीस वर्षं काढली. निम्म्या गावाला तिने लहानपणी जेवायला वाढलंय. अजूनही बाजारात एखादा टक्कल पडलेला बाप्या तिला थांबवतो आणि म्हणतो, "बर्निस, तुझ्या हातचे ते दालचिनीचे रोल पुन्हा काही मिळाले नाहीत बघ." ती नुसती मान हलवते आणि पुढे जाते. कौतुक तिच्या अंगी कधी लागलंच नाही.

अशी ही बाई, डोकं दुखलं तर गोळीसुद्धा अर्धी मोडून घेणारी, २०२२ च्या मे महिन्यात, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी, वाचनालयाच्या दारात कागद लावलेली फळी घेऊन उभी राहिली. येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायला लागली, "नशेच्या मशरूमपायी माणसाला तुरुंगात टाकणं बंद करायचंय. सह्या पुरेशा झाल्या तर नोव्हेंबरात त्यावर राज्यभर मतदान होईल. करता का सही?"

गावाला चघळायला विषय मिळाला. माझा नवरा लुई, म्हणजे तिचा धाकटा भाऊ, म्हणाला, "आमच्या घराण्यात नशेबाज निघाला, तोही पेन्शनीत!" चर्चच्या हॉलमध्ये म्हातारा स्टँको तिला सगळ्यांदेखत म्हणाला, "काय गं, यंदा नाताळच्या पोटिकेत अक्रोडाऐवजी काय भरणार आहेस? आधी सांग, मी दोन जास्त घेतो." सगळे खिदळले. पोटिका म्हणजे तिच्या माहेरच्या स्लोव्हेनियन लोकांची अक्रोडाची गोड गुंडाळी, आणि त्यात बर्निसचा हात धरणारं गावात कुणी नाही. ती हसली नाही. फळी स्टँकोच्या पुढ्यात धरून म्हणाली, "आधी सही कर, मग बोल." त्याने केलीसुद्धा.

मी तिला गाडीतून न्यायचे-आणायचे. मोतीबिंदूनंतर तिने गाडी चालवणं सोडलं होतं, आणि मी जन्मभर शाळेची बस चालवलेली, त्यामुळे या घरात मला सगळे ड्रायव्हरच समजतात. खरं सांगायचं तर आमचं दोघींचं कधी फार जमलं नव्हतं. मी इथल्या जुन्या स्पॅनिश बोलणाऱ्या घरातली. लुईशी लग्न केलं तेव्हा मी अडतीस वर्षांची, तोंडाने फटकळ. आमच्या लग्नात बर्निस एका कोपऱ्यात अंग चोरून बसली होती. पुढे दर वर्षी आमच्या लग्नाच्या वाढदिवसाला ती यायची, केक न खाता अर्ध्या तासात निघून जायची. मी मनाशी ठरवून टाकलं होतं, हिला भावाची सावळी बायको आवडलेली नाही. तेवीस वर्षं मी तो राग जपला.

जूनमध्ये एका दुपारी आम्ही वाचनालयाबाहेर गाडीत बसून डबा खात होतो. मी सहज म्हणाले, "बर्निस, तुझं काय अडलंय एवढं? तू ते मशरूम कधी डोळ्यांनी तरी पाहिलेत का?"

"पाहिलेत," ती म्हणाली. "कोर्टात. काचेच्या बरण्यांमध्ये होते. टेबलावर ओळीने मांडले होते."

आणि मग तिने जे सांगितलं ते तोवर तिच्या नवऱ्यालाही, तो जिवंत असताना, पुरतं सांगितलं नव्हतं.

१९९९ च्या ऑक्टोबरात तिला ज्युरीचं बोलावणं आलं. निकाल देणाऱ्या बारा साध्या नागरिकांत तिची निवड झाली; निकालाला बाराही जणांचं एकमत लागतं. खटला होता एलॉय आर्चुलेटा नावाच्या माणसावर. पोलाद कारखान्यात रुळांच्या विभागात कामाला, वय सदतीस, आधी एकही गुन्हा नाही. घराच्या तळघरात बरण्यांमध्ये नशेचे मशरूम पिकवले म्हणून पकडला होता. का पिकवले, ते ज्युरीला कुणी सांगेना. फक्त त्याची बायको साक्षीला उभी राहिली तेव्हा एकदम बोलून गेली, "तो भिंतीवर डोकं आपटतो हो! ते खाल्लं की महिना महिना डोकं दुखत नाही." सरकारी वकील ताडकन उभा राहिला. जज ज्युरीकडे वळून म्हणाले, हे वाक्य तुम्ही ऐकलंच नाही असं समजा.

"आता सांग चेलो, ऐकलेलं न ऐकलेलं कसं करायचं?" बर्निस मला म्हणाली.

शुक्रवारी दुपारी बारा जणांना खोलीत बसवलं. पहिल्या फेरीत दोघं त्याला दोषी ठरवायच्या विरुद्ध होते, दुसऱ्या फेरीत बर्निस एकटी उरली. एक बँकेतला माणूस होता, तो घड्याळ बघत म्हणाला, "बाई, बरण्या त्याच्या होत्या की नव्हत्या? होत्या. मग? दुखतं सगळ्यांनाच." दुसरी एक म्हणाली, "शिक्षा काय होणार? देतील ताकीद आणि सोडतील." शिक्षेचं ज्युरीला सांगतच नाहीत. चार वाजले. निकाल झाला नाही तर सगळ्यांना सोमवारी परत यायचं होतं. त्याने बर्निसचं काही बिघडणार नव्हतं, पण रात्र हातची जाणार होती. ती अडून बसली असती तर वाद त्या संध्याकाळी अजून दोन तास तरी चालला असता. आणि तिला घरी जाऊन दहा पोटिका करायच्या होत्या. पीठ फुगायला ठेवायचं, लाटायचं, भरायचं. दुसऱ्या दिवशी भावाचं लग्न होतं.

"कुठल्या भावाचं?" मी विचारलं, आणि विचारता विचारताच हातातला डबा खाली ठेवला. तिला भाऊ एकच.

"मी हात वर केला," ती म्हणाली. "घरी आले आणि पीठ मळलं."

एलॉयला सहा वर्षं झाली. ते तिला पेपरात कळलं. साडेतीन वर्षांनी तो सुटला. कारखान्यातली नोकरी गेली होती, बायको मुलीला घेऊन ॲरिझोनाला निघून गेली होती. आणि तुरुंगात, जिथे ना मशरूम ना दुसरं औषध, तिथे डोकेदुखीच्या एका झटक्यात कोठडीच्या भिंतीवर डोकं आपटून आपटून त्याच्या डाव्या डोळ्याचा पडदा सुटला. तो डोळा गेला.

हे सगळं तिला तुकड्यातुकड्यांनी कळत गेलं. गाव केवढं ते! दुकानात तो एका बाजूने दिसला की ही सामानाची गाडी तिथेच सोडून दुसऱ्या दाराने बाहेर पडायची. फादरकडे कबुलीला गेली. फादर म्हणाले, "पोरी, यात पाप कुठलं? तू नागरिकाचं कर्तव्य केलंस." ती पुन्हा गेली, पुन्हा तेच. "पाप नाही म्हटल्यावर प्रायश्चित्त कशाचं मागू?" ती मला म्हणाली. "तीन वेळा गेले. मग जाणं सोडलं."

मी गाडी सुरू केली, काहीतरी करायला हवं म्हणून. माझ्या लग्नात मी त्या पोटिकेचे तीन तुकडे खाल्ले होते. "छान झालीय" म्हणून तिच्या आईला सांगितलंही होतं. आणि वर तेवीस वर्षं हिच्यावर राग धरून बसले होते.

"त्याच्याकडे कधी गेलीस?" मी विचारलं.

"नाही."

"मग या सह्या गोळा करून काय होणार, बर्निस? तू गावभर फिरतेयस आणि त्याचं तेवढं दार सोडतेयस."

मला बोलायला काय जातं! पण ती म्हणाली, "चल मग." आणि सीटचा पट्टा लावला.

एलॉय कारखान्याच्या मागच्या वस्तीत, बहिणीच्या घराच्या परसातल्या दोन खोल्यांत राहायचा. आम्ही गेलो तेव्हा तो बाहेर टोमॅटोच्या रोपांना काठ्या बांधत होता. उंच, वाकलेला, डावा डोळा दुधासारखा पांढरा. मी त्याला स्पॅनिशमध्ये नमस्कार केला, तो हसला. मग त्याची नजर माझ्यामागे गेली आणि हसू विझलं.

बर्निसने पाठ केलेलं वाक्य म्हटलं. "मशरूमसाठी माणसाला तुरुंगात टाकणं बंद करायचंय. सही..."

"तुम्ही सात नंबर," एलॉय म्हणाला. "दुसऱ्या रांगेतली पहिली खुर्ची. निळा स्वेटर."

बर्निसने मान हलवली.

"बाकीचे माझ्याकडे बघतच नव्हते. तुम्ही बघत होतात. मी मधल्या सुट्टीत बायकोला म्हणालो होतो, घाबरू नको, ती सात नंबरची बाई आपल्या बाजूची आहे." तो हातातली दोरी गुंडाळत होता. "निकाल वाचल्यावर जजने एकेकाला विचारलं, हा तुमचा निर्णय आहे का? तुमचा आवाजच फुटला नाही. जज म्हणाले, मोठ्याने सांगा. मला वाटलं, आता ही नाही म्हणेल."

"मी हो म्हणाले," बर्निस म्हणाली.

"हो. मोठ्याने."

कोंबड्या परसात टोचा मारत होत्या. मला तिथून पळून जावंसं वाटत होतं. बर्निस मात्र हलली नाही. तिने फळी खाली केली आणि म्हणाली, "सही नका करू. मी आले ते... मी आले होते एवढंच."

"सही करून उपयोग काय? मला मत कुठाय? मी तर शिक्षा झालेला माणूस."

बर्निसने चमकून वर पाहिलं. "तुम्हाला मत आहे. या राज्यात तुरुंगातून सुटलं की मत परत मिळतं."

"कोण म्हणतं?"

"कायदाच आहे तसा. सह्या घेण्याआधी आम्हाला सगळं शिकवलंय. नाव नोंदवलं की झालं."

एलॉय उलट्या बादलीवर बसला. "वीस वर्षं," तो म्हणाला, "निवडणुकीच्या दिवशी मी घराबाहेर पडत नाही. कुणी विचारायला नको म्हणून." आणि तो हसायला लागला. ते हसणं ऐकवत नव्हतं.

नाव नोंदवायचा अर्ज मी गाडीतून आणून दिला. तो त्याने तिथेच, चांगल्या डोळ्याजवळ कागद धरून, सावकाश भरला. सहीच्या फळीला मात्र हात लावला नाही. "मत देईन," म्हणाला. "तुमच्या कागदावर सही नाही."

त्या दिवसानंतर बर्निसने जास्तच जोर धरला. भर उन्हात उभी राहायची. मी ओरडायचे, "अगं, चक्कर येऊन पडशील!" तर म्हणायची, "पडू दे." लोक सही करून पुढे गेले की तिच्या चेहऱ्यावर जरासुद्धा समाधान दिसायचं नाही. राज्यभरातल्या सह्या भरल्या, प्रस्ताव मतपत्रिकेवर आला.

आमच्याकडे मतपत्रिका टपालाने घरी येते, ती भरून, पाकिटात घालून चौकातल्या पेटीत टाकायची. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात एलॉयच्या बहिणीचा मला फोन आला. त्याला डोकेदुखीचा झटका येऊन गेलाय, अंगात त्राण नाही, मतपत्रिका तेवढी पेटीत नेऊन टाकाल का? मी बर्निसला घेऊन गेले.

खोलीत पडदे ओढलेले होते. एलॉय खाटेवर टेकून बसला होता, ओठ पांढरे. टेबलावर मतपत्रिका उघडीच होती. "बघा बरोबर भरलीय का," तो म्हणाला. "वीस वर्षांनी भरतोय."

बर्निसने चष्मा लावून पाहिलं. मीही तिच्या खांद्यावरून वाकले. मशरूमच्या प्रस्तावापुढे त्याने 'नाही'चा गोळा भरला होता. नीट, काठोकाठ.

"इथं चूक झालीय का?" बर्निसने अगदी हळू विचारलं.

"चूक नाही."

"पण... का?"

तो म्हणाला, "मी गुन्हा केला, शिक्षा भोगली, हिशेब मिटला. असं म्हणत म्हणत इथवर आलोय. आता सगळं गाव म्हणणार, छे, तो गुन्हा नव्हताच मुळी! मग ती साडेतीन वर्षं मी कुठे ठेवू? हा डोळा कुठे ठेवू? माझी मुलगी दुसऱ्याला बाप म्हणत मोठी झाली, ते कुठे ठेवू? तुम्हाला बरं वाटेल, बर्निस. तुम्ही फळी घेऊन उभ्या राहिलात, कायदा बदललात. मला नाही बरं वाटणार."

माझ्या जिभेवर उत्तरं होती. पुढच्यांचा विचार करा, दुसऱ्या कुणाचा डोळा जाऊ नये, असलं काही. बर्निसने माझा दंड दाबला. तिने मतपत्रिका घडी करून पाकिटात घातली, पाकीट चिकटवलं, सही करायची जागा त्याला बोटाने दाखवली. त्याने सही केली.

गाडीत मी म्हणाले, "एका मताने काही अडत नाही म्हणा. पण ते राहिलं गाडीतच सीटखाली, तर कुणाला कळणार आहे?" अर्धं थट्टेत म्हणाले, अर्धं खरंच.

ती माझ्याकडे अशी वळली की मला माझीच लाज वाटली. "त्या माणसाचं म्हणणं मी एकदा गिळलंय, चेलो."

पेटीपाशी ती स्वतः उतरली. आधी त्याचं पाकीट टाकलं. मग आपलं.

प्रस्ताव मंजूर झाला. लुईने बिअर उघडली, स्टँकोने फोन करून विचारलं, "पोटिका कधी?" बर्निस आमच्याकडे आलीच नाही. मी तिच्या घरी गेले तर ती स्वयंपाकघराचा ओटा घासत बसली होती. स्वच्छच होता तो.

"झालं ना तुझ्या मनासारखं?" मी म्हणाले.

"माझ्या मनासारखं झालं," ती म्हणाली, "तेच टोचतंय."

पुढे काय व्हावं? वसंतात एलॉयच्या बहिणीने घर विकायला काढलं. एलॉयने म्हाताऱ्यांसाठी बांधलेल्या सरकारी चाळीत खोलीसाठी अर्ज केला, तर जुना गुन्हा निघाला आणि अर्ज परत आला. नवीन कायद्यात सोय होती. अशा जुन्या प्रकरणाची नोंद कोर्टाला सांगून कायमची झाकून टाकता येते. बहिणीने त्याला ते सांगितलं, आणि चार दिवसांनी त्याने स्वतः मला फोन केला. "तुमची नणंद कागदपत्रांत हुशार आहे ना? तिला विचारा, कुठला अर्ज लागतो."

बर्निसने तीन दिवस त्या अर्जावर काढले. वाचनालयात जाऊन विचारलं, कोर्टाच्या खिडकीवर दोनदा जाऊन आली, कच्चा अर्ज पेन्सिलने लिहिला. वरून त्याने शाईने लिहिलं. एप्रिलमध्ये मी दोघांना घेऊन कोर्टात गेले. पायऱ्यांपाशी तो म्हणाला, "तुम्ही गाडीतच थांबा." बर्निस थांबली. पाऊण तास ती कोर्टाच्या दाराकडे बघत होती, मांडीवरची पर्स दोन्ही हातांनी धरून.

महिना-दीड महिन्याने नोंद झाकल्याचा निकाल आला आणि त्यावर त्याला चाळीत खोलीही मिळाली. निकालाचा शिक्क्याचा कागद घ्यायलाही मीच त्याला नेलं, आणि बर्निस आली, कुणी बोलावलं नसताना. परत येताना तो मागच्या सीटवर होता, कागद खिशात. सिग्नलला गाडी थांबली तेव्हा बर्निस समोर बघतच म्हणाली, "मिस्टर आर्चुलेटा, मी चूक केली. मला माहीत होतं आणि तरी केली. घरी जायची घाई होती म्हणून."

मी आरशात पाहिलं. आता तो म्हणेल, जाऊ द्या, झालं ते झालं. माणसं असंच म्हणतात.

"हो," एलॉय म्हणाला. "केलीत."

एवढंच. आवाजात राग नव्हता, गोडवाही नव्हता. बर्निसने डोळे मिटले आणि ती रडायला लागली. मी तिला आईच्या मयताला रडताना पाहिलं नव्हतं, नवऱ्याच्याही नाही. ती रडत होती ते बांध सुटल्यासारखं रडत होती, पण सुटका झाल्यासारखं नाही. मला नीट सांगता येत नाही. सिग्नल हिरवा झाला, मागून कुणीतरी भोंगा वाजवला, मी गाडी पुढे काढली.

थोड्या वेळाने मागून एलॉय म्हणाला, "काच जरा वर घ्या. या वाऱ्याने माझं डोकं उठतं."

मी काच वर घेतली. त्याला नव्या चाळीपाशी सोडलं. तो उतरला, दार लावलं, बर्निसच्या बाजूच्या खिडकीशी क्षणभर थांबला. वाटलं, काही बोलेल. त्याने खिडकीच्या काचेवर दोन बोटांनी टकटक केली, आपण जाता जाता शेजाऱ्याच्या दारावर करतो तशी, आणि किल्ली शोधत जिन्याकडे गेला.